मॅग्नेट पुलर: एका दिवसाच्या कामाचं हत्यार कोल्हापुरात कसं मिळवायचं

आमच्या वडिलांची चेतक स्कूटर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात शाहूपुरीतल्या बोळात तीन दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, टाकी रिकामी केली आणि 'बघू नंतर' म्हणून तिला जिन्याखाली ढकललं. ते 'नंतर' यायला पाच वर्षं लागली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, मेस्त्रीकडं न देता आपल्या हातानं चालू करायची. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी असं बरंच सामान घरात होतंच. अडलं ते एकाच हत्यारावर, मॅग्नेट पुलरवर, आणि ते मूठभर हत्यार मिळवण्यात माझे सतरा दिवस गेले. त्यात एकदा चुकीची वस्तू विकत घेतली, एकदा गॅरेजमधून हात हलवत परत आलो, आणि चांगले आटे अर्धे घालवून बसलो.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. उदाहरण माझ्या स्कूटरचं आहे. तुमच्याकडं जुनी सायकल असेल, हार्मोनियम असेल, आजीचं शिलाई मशीन असेल, तरी जे हत्यार आयुष्यात एकदाच लागणार ते मिळवायची वाट साधारण हीच.

१. हत्यार खरंच लागतं का, ते आधी बघा

आधी भानगड काय ती सांगतो. स्कूटरच्या इंजिनाच्या एका बाजूला पंख्याच्या पात्यांचं जड चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याच्या आतल्या कडेला चुंबक असतात, म्हणून गॅरेजमध्ये त्याला सगळे 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या मागं पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, म्हणजे इंजिनातली ठिणगी (स्पार्क) पाडणारे भाग. पॉइंटची फट मॅग्नेटच्या खिडकीतून लावता येते, पण पॉइंट बदलायचे किंवा कॉइलच्या वायरी बघायच्या तर मॅग्नेट उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या गाडीला स्पार्कच येत नव्हता. खिडकीतून बॅटरी मारून बघितलं तर वायरींवरचं आवरण तडकून पापडासारखं गळत होतं.

मॅग्नेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर चढवलेला असतो, आणि जागा चुकू नये म्हणून मधे अर्धचंद्राच्या आकाराची बारीक चावी असते. वरचा नट काढला तरी गडी हलत नाही, कारण निमुळत्या टोकावर लोखंडानं लोखंडाला मिठी मारलेली असते. ती सोडवायला पुलर.

पण थांबा. काही मॅग्नेटच्या मधल्या तोंडाशी एक खाच असते आणि त्या खाचेत सर्कलिप, म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी कडी. असं असेल तर पुलर लागतच नाही. नट सोडायला लागलात की आधी तो ढिला होतो, दोन-तीन फेरे हातानं फिरतो आणि मग परत घट्ट लागतो. नवखा माणूस इथं घाबरतो, आटे अडकले असं समजून थांबतो. वास्तविक नटाची कड आतून सर्कलिपला टेकलेली असते. पाना तसाच फिरवत राहिलात की नटच मॅग्नेटला बाहेर ओढतो आणि 'टक्' करून चाक मोकळं होतं.

माझा एक मित्र आठवडाभर पुलर शोधत होता. शेवटी कळलं की त्याच्या मॅग्नेटला खाच आहे, फक्त सर्कलिप कुणीतरी पूर्वी काढून परत बसवलीच नव्हती. चहाच्या पैशात नवी आली आणि काम झालं. तेव्हा बॅटरी घ्या, चिखल पुसा आणि आधी खाच आहे का बघा. काही गाड्यांना खाच आणि आटे दोन्ही असतात. तुमच्याकडं नुसते आटे असतील तर पुढं वाचा.

२. त्याला बाजारात काय म्हणतात ते शिका

मी पहिल्या दुकानात 'फ्लायव्हील एक्स्ट्रॅक्टर' मागितला. काउंटरवरच्या पोरानं आधी माझ्याकडं, मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडं बघितलं आणि म्हणाला, "तसलं काय येत नाय." बाहेर पडताना त्याच दुकानाच्या भिंतीवर तीन टांगलेले दिसले. त्याला 'मॅग्नेट पुलर' म्हणायचं. क्लचचा खाचांचा नट सोडायला लागतो तो 'क्लचचा टी'. पॉइंटला 'सीबी पॉइंट'.

ज्या कामाचं हत्यार हवंय ते काम रोज करणाऱ्या एखाद्याला फोटो दाखवून 'याला काय म्हणता तुम्ही?' एवढंच विचारा. हा प्रश्न फुकट आहे, आणि त्यानं पुढचे अर्धे हेलपाटे वाचतात.

३. माप घ्या, आणि माप म्हणजे काय ते समजून घ्या

सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात. मीही फसलो.

पुलर म्हणजे एक लोखंडी टोपी. तिच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात, ते मॅग्नेटच्या तोंडातल्या आट्यांत जातात. टोपीच्या मधून एक जाड बोल्ट जातो, तो क्रँकच्या टोकाला टेकतो. बोल्ट आवळत गेलं की टोपी मॅग्नेटला घेऊन मागं येते. म्हणजे सगळा जोर त्या बाहेरच्या आट्यांवर. ते नेमके जुळले पाहिजेत, 'जवळपास' चालत नाही.

मी व्हर्निअरचे (बारीक माप घ्यायच्या पट्टीचे) आतले जबडे मॅग्नेटच्या तोंडात घातले, माप आलं २६.९ मिलिमीटर. म्हटलं, म्हणजे २७. ऑनलाइन २७ चा पुलर मागवला. आला, घातला, नुसता लडबडत होता. नीट धरून आवळला तेव्हा कुठं पहिल्या दोन आट्यांत अडकला, बोल्ट फिरवला आणि 'करर' करून ते दोन्ही आटे सोलून बाहेर आला.

चूक कुठं झाली? आतल्या आट्यांचं जे माप जबड्यांत येतं ते आट्यांच्या टोकांमधलं असतं. आट्याचं नाव मात्र मोठ्या व्यासावरून पडतं. १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतील तर मोजलेल्या मापात साधारण १.१ मिलिमीटर मिळवायचे. २६.९ मध्ये ते मिळवले की होतात २८. वेस्पाच्या पीएक्स घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांना २८ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच हेच आटे असतात, आणि आपली चेतक वेस्पाच्याच कुळातली, कारण बजाजनं आधी पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवल्या आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली. पण म्हणून तुमच्या गाडीलाही तेच आटे असतील असं गृहीत धरू नका. मधल्या वर्षांत कुणी दुसऱ्या गाडीचा मॅग्नेट बसवलेला असू शकतो. मोजा.

पिच मोजायला पिच गेज नावाचा पात्यांचा जुडगा मिळतो. कुठल्याही लेथवाल्याच्या खणात तो असतो. नसेल तर मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, आट्यांवर दाबा, अलगद काढा आणि उमटलेल्या रेघा मोजा. ५ मिलिमीटरमध्ये ५ रेघा आल्या तर १ ची पिच.

इथं आणखी एक सापळा आहे. इंचात २४ आटे असलेल्या जुन्या इंग्रजी मापाची पिच येते १.०६ मिलिमीटरच्या आसपास. ती १ च्या आट्यांत दोन-तीन फेरे छान जाते आणि मग आवळते. आवळली की माणूस पाना लावतो, आणि पाना लावला की आटे जातात. नियम साधा आहे: पुलर शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. मधे अडला तर बाहेर काढायचा.

मोजण्याआधी आटे साफ करा. माझ्या मॅग्नेटमध्ये पंचगंगेचा गाळ पाच वर्षं वाळून सिमेंट झाला होता. रॉकेल, जुना टूथब्रश, दाभण आणि एक अख्खी संध्याकाळ.

४. उसनं मागायचं असेल तर असं मागा

आता मूळ प्रश्न. एकदाच लागणारं हत्यार विकत का घ्यायचं, कुणाकडून तरी आणू की! बरोबर आहे. पण हत्यारावर ज्याचं पोट आहे, त्याच्याकडं ते मागताना जरा विचार करा.

मी एका जुन्या मेस्त्रींकडं गेलो आणि म्हटलं, "मामा, चेतकचा मॅग्नेट पुलर एक दिवस देता काय?"

त्यांनी हातातला कार्ब्युरेटर खाली ठेवला नाही. म्हणाले, "पुलर देतो की. परत कोण आणून देतंय?"

"मी देतो ना, उद्या."

"आजपतूर चार पुलर गेलेत, समदे उद्याच येणार हुते."

यात त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं आणि पुलर माझ्या जिन्याखाली, मग त्यांनी काय करायचं? परत येताना वाटेत डोक्यात आलं की मला पुलर नको आहे, मला मॅग्नेट सुटलेला हवा आहे. संध्याकाळी परत गेलो. "मामा, गाडी टेम्पोत घालून आणतो. मॅग्नेट तेवढा ढिला करून द्या, बाकीचं मी करतो. काय होतील ते सांगा." मामा लगेच, "आन की मग."

तेव्हा पहिला सल्ला हा: हत्यार मागू नका, हत्यारासकट माणसाची पंधरा मिनिटं मागा आणि त्याचे पैसे द्या. गाडी हलवता येत असेल तर यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित वाट नाही. मॅग्नेट सुटला की तो परत अलगद बसवून नट हातानं आवळून आणा, नाहीतर टेम्पोत तो निखळून पडतो आणि पंख्याची पाती तुटतात. अशी गाडी चालवत मात्र आणू नका.

माझ्या बाबतीत हे जमलं नाही, कारण मामांचा पुलर लावून बघितला तर माझ्या सोललेल्या आट्यांत तो धरेना. त्यांच्या पुलरचे पुढचे आटेही वापरून झिजलेले होते. "तुला नवा, लांब आट्याचा पायजे," म्हणाले. ते पुढं येतंच.

दुसरी वाट, तुमच्यासारखाच हौशी. कोल्हापुरात जुन्या स्कूटरी आणि बुलेट जपणारे कमी नाहीत. असा माणूस हत्यार देतो, पण त्याचीही काही पथ्यं आहेत:

देताना दोघांसमोर हत्याराचा फोटो काढा, आट्यांचा जवळून. आधीचा ओरखडा कुणाचा, हा वाद मग होत नाही.

परतीचा दिवस तुम्ही सांगा, आणि त्याच्या आदल्या दिवशी परत करा.

किमतीएवढी अनामत स्वतःहून पुढं करा. बहुतेक जण घेत नाहीत, पण पुढं केलीत की देणाऱ्याचा चेहरा बदलतो.

परत करताना पुसून, तेलाचं बोट फिरवून, कागदात गुंडाळून. मोडलं तर दुरुस्त करून न्यायचं नाही, नवं न्यायचं.

आणि मधल्या काळात तिसऱ्याला द्यायचं नाही. 'माझ्या मेव्हण्याला अर्ध्या तासासाठी हवंय' इथूनच हत्यारं नाहीशी होतात.

कळंब्याच्या वाटेवरच्या आयटीआयमध्ये किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ओळख असेल तर माप तपासून घ्यायला आणि सल्ल्याला जरूर जा. हत्यार बाहेर न्यायला मागू नका. ते नोंदवहीवरचं सामान असतं, आणि देणाऱ्या निदेशकाला उगाच अडचणीत आणाल.

५. भाड्यानं

पुलरसारखी बारीक हत्यारं भाड्यानं मिळत नाहीत, शोधण्यात वेळ घालवू नका. भाड्यानं मिळतं ते बांधकामाचं सामान: ब्रेकर, मोठं ड्रिल, मार्बल कटर, व्हायब्रेटर, शिड्या. तुमचा प्रकल्प तसला असेल तर तीन गोष्टी विचारा. भाडं दिवसाचं की चोवीस तासांचं? पातं किंवा बिट भाड्यात धरलंय की वेगळं? बंद पडलं तर कुणाच्या अंगावर? नेण्याआधी दुकानातच चालू करून बघा.

ओळखपत्राची झेरॉक्स मागतात. आधार द्यायचं असेल तर मास्क्ड आधार काढून द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि 'फक्त अमुक मशीन भाड्यासाठी' असं आडवं लिहा. मूळ कार्ड दुकानात ठेवून येऊ नका, कितीही घाई असली तरी.

६. विकत घ्यायचं असेल तर

उद्यमनगरात टूल्सच्या आणि बेअरिंगच्या दुकानांची रांगच आहे, शिवाय स्कूटरच्या स्पेअर पार्टची दुकानं वेगळी. पुलर दोन्हीकडं मिळतो. फरक असा की स्पेअर पार्टवाल्याला गाडी कळते आणि टूल्सवाल्याला आटे कळतात. मी स्पेअर पार्टवाल्याकडं जाऊन 'चेतक' म्हणालो असतो आणि मग टूल्सवाल्याकडं जाऊन '२८ बाय १' म्हणालो असतो, तर दोघांच्या उत्तरांत ताळमेळ लागतो का ते लगेच कळलं असतं. तुम्ही तसं करा.

ऑनलाइन घेताना शीर्षकावर जाऊ नका. 'सर्व स्कूटरना चालतो' असं लिहिलं असेल तर तो कुठल्याच स्कूटरला धड चालत नाही असं समजून पुढं सरका. वर्णनात व्यास आणि पिच दोन्ही आकड्यांत दिलेली असतील तरच घ्या. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाचे आटे असलेले पुलर येतात, हौशी माणसाला ते बरे पडतात. परत करायची मुदत किती दिवसांची ते बघा आणि पार्सल आल्या दिवशी उघडून मापा. मी माझं पार्सल रविवारची वाट बघत टेबलावर ठेवलं. शिवाय वापरून ओरखडे पडलेली वस्तू कोण परत घेतंय?

दुकानात हातात आला की दोन गोष्टी बघा. आट्यांची कड बोटाला सारखी लागते का, की मधे मधे तुटल्यासारखी आहे. आणि मधला बोल्ट सरळ आहे का. टोपीत घालून फिरवला की डोलता कामा नये. साध्या मऊ लोखंडाचे पुलर स्वस्तात मिळतात. एकदाच वापरायचाय म्हणून चालेल असं वाटतं, पण पुरात गंजलेल्या गाडीला ते एकदाही पुरत नाहीत.

या सगळ्या वाटांची माझी तुलना अशी. वस्तू हाताएवढी असेल, तर विकत घ्या किंवा करून घ्या. दोघांनी उचलावी लागत असेल, तर भाड्यानं. आणि चुकल्यावर नुकसान हत्याराच्या किमतीच्या दहापट होणार असेल, तर हत्यार सोडा आणि माणूस गाठा.

७. करून घ्यायचं असेल तर, म्हणजे उद्यमनगर

ही वाट प्रत्येक गावाला नाही, आपल्याला आहे. बाजारात नसलेली वस्तू बनवून घेणं हे या गावाला नवीन नाही. १९१८ च्या आसपास बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाशेजारून आपण रोज जातो. पुढं म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं या गावाला इंजिनं आणि यंत्रं बनवायची सवय लावली. त्यामुळं शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या गल्लीत 'मला असली एक टोपी पाहिजे' म्हणून गेलात तर हसत कुणी नाही.

पण तिथं काही रीत आहे. मोठ्या शेडमध्ये जाऊ नका. तिथं शेकड्यानं नग चालू असतात, तुमच्या एका नगासाठी मशीनचं सेटिंग मोडणं त्यांना परवडत नाही. एक-दोन लेथ असलेलं, मालक स्वतः उभा राहून काम करतो असलं छोटं शॉप शोधा. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच किंवा संध्याकाळी दिवस संपताना जा. साप्ताहिक सुट्टी कधी असते ते आधी फोन करून विचारा, मी एकदा पूर्ण गल्ली बंद बघून परत आलोय.

सोबत काय न्यायचं:

• शक्य असेल तर गाडी किंवा इंजिन. मॅग्नेट उतरलेला नसल्यामुळं तो सुटा नेता येत नाही, ही यातली गंमत.
• ते जमत नसेल तर कागदावर काढलेलं चित्र. बाहेरचा व्यास, पिच, आट्यांची लांबी, मधल्या बोल्टचं माप. चित्र वाकडं असलं तरी चालेल, आकडे हवेत.
• क्लेवर घेतलेला आट्यांचा ठसा, डबीत घालून.
• बिघडलेला किंवा चुकीचा पुलर असेल तर तोही. 'असा, पण असा नको' हे सांगायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.
• गाडीच्या आरसीची झेरॉक्स, गाडी टेम्पोतून नेणार असाल तर. वाटेत कुणी विचारलं तर बरी पडते.
• रोख पैसे.

मी गेलो त्या शॉपमध्ये साठीचे एक गृहस्थ लेथवर होते. चित्र बघितलं, ठसा बघितला, मग माझा २७ चा पुलर उचलून नुसते हसले. "कितीला घावला?" मी सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, "न्हाईतर हितं आला नसतास."

त्यांनी विचारलेले प्रश्न तुम्हालाही विचारतील, तेव्हा उत्तरं तयार ठेवा. मटेरियल काय घालू? साध्या एमएसपेक्षा (मऊ लोखंडापेक्षा) ईएन ८ (त्याहून कणखर पोलाद) घाला म्हणावं, एवढ्या कामाला ते बास. मधला बोल्ट मात्र लेथवर करायला सांगू नका. हार्डवेअरच्या दुकानातून हायटेन्साइल बोल्ट आणा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं, आणि बोल्टच्या मापाचे आटे टोपीत पाडून घ्या. बोल्टचं टोक गोलसर करून घ्या, म्हणजे क्रँकच्या तोंडाला चरा पडत नाही. आट्यांची लांबी? माझे पुढचे दोन आटे गेले होते म्हणून त्यांनी टोपीचे आटे नेहमीपेक्षा लांब ठेवले, आतल्या चांगल्या आट्यांपर्यंत पोचतील असे. मामांच्या पुलरला हेच जमलं नव्हतं.

टोपीच्या मागच्या अंगाला पाना लागेल अशा दोन सपाट बाजू करून घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, त्यांनीच आठवण केली.

घासाघीस करू नका. कापायला दहा मिनिटं लागतात हे डोळ्यांना दिसतं, पण त्याआधीचं सेटिंग, टूल घासणं, पिचची गिअर बदलणं हे सगळं तुमच्या एका नगासाठी केलेलं असतं. मला सगळं मिळून साडेचारशे रुपये पडले, बोल्ट धरून. चहा त्यांनीच पाजला. आणि घेऊन जाण्याआधी तिथंच मॅग्नेटमध्ये घालून बघा. गाडी नेली नसेल तर 'बसला नाही तर एक हात मारून द्याल ना' एवढं बोलून घ्या.

क्लचच्या टीसाठी एवढा खटाटोप नको. जुना बॉक्स पाना घेऊन त्याच्या तोंडाला चार दात ग्राइंडरवर कापून देणारे पुष्कळ आहेत.

८. वापरायच्या दिवशी

हत्यार हातात आलं की माणूस घाईवर येतो. त्या दिवशी एवढं पाळा.

नट सोडताना चाक फिरू नये म्हणून पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका. पाती बिडाची नसतात, अॅल्युमिनियमची असतात, कडकन तुटतात. त्यापेक्षा स्पार्क प्लग काढा, पिस्टन वर येताना सिलिंडरच्या बाजूची भोकं ओलांडून गेला की प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारा, शेवट बाहेर ठेवा. पिस्टन दोरीवर दाबला जाऊन अडतो. भोकं ओलांडायच्या आधी दोरी घातलीत तर ती भोकात जाऊन कापली जाईल, तेवढं सांभाळा.

पुलर बोटांनी पूर्ण आत. बोल्टच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस. टोपी एका पान्यानं धरा, दुसऱ्यानं बोल्ट आवळा. चांगला ताण आला की थांबा आणि बोल्टच्या डोक्यावर सरळ एक मध्यम टोला. नाही सुटला तर अजून पाव फेरा, परत टोला. माझा चौथ्या टोल्याला सुटला, आणि तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून 'काय फुटलं?' म्हणत आली.

मॅग्नेटच्या कडेवर हातोडी कधीही मारू नका. पाती जातात, चुंबक कमजोर होतात, क्रँकला मार बसतो. गॅस कटरनं तापवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घालवा. उष्णतेनंही चुंबक मरतात. तीन पायांचा बेअरिंग पुलर कडेला अडकवणं हाही तसलाच उद्योग. गंज फार असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डोळ्यांना चष्मा लावा, ताणलेला बोल्ट तुटला तर तो कुणाची ओळख ठेवत नाही.

सुटल्या सुटल्या अर्धचंद्राची चावी डबीत टाका. ती पडली की मॅग्नेटलाच जाऊन चिकटते आणि तुम्ही तासभर फरशी शोधता. परत बसवण्याआधी मॅग्नेटच्या आत एखादा वॉशर, लोखंडाचा कीस चिकटलाय का ते बोट फिरवून बघा.

गाडी रस्त्यावर आणायची तर १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण वगैरे आहेच. तो निराळा लेख होईल, माझा अजून आरटीओत फेरा चालू आहे.

९. काम झाल्यावर

वायरी बदलल्या, नवे पॉइंट टाकले, तिसऱ्या दिवशी चेतक सातव्या किकला धूर सोडत चालू झाली. वडील खाली आले, अॅक्सिलरेटर एकदा पिळला, म्हणाले, "क्लच वायर ढिली आहे."

आता माझ्याकडं एक पुलर आहे, जो मला बहुधा परत लागणार नाही. विकला तर फार येत नाहीत. म्हणून त्याला एक टॅग बांधलाय, त्यावर पक्क्या मार्करनं '२८ × १, चेतक' असं लिहिलंय, म्हणजे दहा वर्षांनी हे काय आहे असा प्रश्न पडायला नको. सोबत एक छोटी वही. कोण नेतंय, कधी, परत कधी.

पहिला मी नेला तो मामांकडं. त्यांचा झिजलेला होता म्हणून महिनाभर वापरायला दिला. त्यांनी सांगितल्या दिवशी परत केला, तेल लावून. सध्या तो राजारामपुरीतल्या एका मित्राकडं आहे. वहीत गुरुवार लिहिलाय.